देवाची पत आणि व्यापाऱ्याची छाप

व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याच्या तिजोरीत नसून लोकांच्या मनात असते. त्या भांडवलास आपल्या भाषेत 'पत' हा नेमका शब्द आहे. पत मिळविण्यास पिढ्यान्‌पिढ्यांची सचोटी लागते. आणि ज्यास तेवढी उसंत नसते, तो ती दुसऱ्याकडून उसनी घेतो. आपल्या देशात उसनी घेण्यासाठी देवाच्या नावाहून मोठी पत कोणाची असणार? गेल्या सुमारे दीडशे वर्षांत देवाचे चित्र मालाच्या गठ्ठ्यावर कसे आले, तेथून आपल्या भिंतीवर कसे चढले आणि न्यायालयांनी त्यासंबंधी काय म्हटले, हे देवस्थानांशी निगडित अशा आमच्या वाचकांनी एकवार नीट पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठांत भरू लागले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांपुढे एक अडचण उभी राहिली. येथील गिऱ्हाइकास इंग्रजी येत नव्हते आणि बहुतेकांस कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. तेव्हा पेढीचे नाव छापून काय उपयोग? म्हणून कापडाच्या ताग्यावर रंगीत शिळाछापाचे चित्र चिकटविण्याची रीत पडली. राली ब्रदर्ससारख्या बड्या पेढ्यांच्या या चित्रांत हत्ती, वाघ व राजेरजवाडे असत, तसेच आपले देवही असत. १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला आणि कापडाच्या तुकड्यावर त्याची लांबी वारांत छापणे आवश्यक ठरले. कापड किती वार आहे हे असे आकड्यांनी कळू लागले. ते किती धुण्यांस टिकेल, हे मात्र गिऱ्हाईक चित्रावरील विश्वासानेच ठरवी. तो विश्वास गिरणीने कमावलेला नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या देवघरातून आलेला होता.

या रीतीस पुढे जे बळ मिळाले, त्याचा एक धागा आपल्या बडोद्याशी जोडलेला आहे. सयाजीराव महाराजांसाठी राजा रविवर्मा यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. अशी चित्रे छापून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवावीत, ही सूचना त्यांस सर टी. माधवराव यांनी केली होती. तंजावरच्या मराठी कुळातले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण होऊन गेले. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना मुंबईस गिरगावात निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. ज्यांस देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही घरी लक्ष्मी-सरस्वतींची सुरेख चित्रे या छापखान्याने पोहोचविली, हे त्याचे मोठेच श्रेय होय. परंतु त्याच चित्रांखाली थोडी कोरी जागा राहिली की तेथे साबणाचे वा औषधाचे नाव येई. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरील औषधाच्या कॅलेंडरावर बाळकृष्ण विराजमान झाला.

या जाहिरातीचे सामर्थ्य कशात होते? वर्तमानपत्रातील जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. देवाचे चित्र असलेले कॅलेंडर मात्र वर्ष सरले तरी फेकवत नाही. त्याच्या तारखा कापून चित्र चौकटीत बसविले जाते, त्यास हार-गंध वाहिले जाते. अगदीच जीर्ण झाले तर ते पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात. ज्या कागदास पाय लागता कामा नये, त्या कागदावर आपले नाव छापून घेण्याची ही युक्ती होती. मुलाने लहानपणापासून देवापाशी जे नाव पाहिले, त्या नावाविषयी पुढे त्याच्या मनात शंका येणे कठीणच.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीने या समजुतीस पहिला धक्का दिला. चित्रामागे पाहा, माल कोठे झाला ते विचारा, असे तिने लोकांस शिकविले. वेष्टनावर लक्ष्मी असल्याने परदेशी धोतर स्वदेशी होत नाही, हे त्या शिकवणीचे सार होय. या संदर्भात आर्देशिर गोदरेज यांचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास त्यांनी जनावरांची चरबी न वापरता वनस्पतींच्या तेलापासून केलेला साबण बाजारात आणला. धर्मभावनेचा विचार तेथेही होताच. पण सांगितलेली गोष्ट मालाविषयी होती व ती पडताळून पाहता येण्याजोगी होती. श्रद्धेचा मान राखून माल विकणे आणि श्रद्धेलाच मालाची हमी म्हणून उभे करणे, यांतील अंतर ते हेच.

आता कायद्याकडे वळू. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४० साली झाला. त्याची जागा घेणाऱ्या १९५८ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात आणि सध्याच्या १९९९ च्या कायद्याच्या ९ व्या कलमात, नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धर्मभावना दुखावण्याचा संभव असेल असे चिन्ह नोंदविण्यास मनाई आहे. मात्र देवाचे नाव आले म्हणून नोंदणी आपोआप नाकारली जात नाही.

पाटण्याच्या एका व्यापाऱ्याने 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी नोंदवून मागितले होते. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली, ती निबंधकांच्या कार्यालयात फेटाळली गेली, अपिलात मान्य झाली, आणि अखेर २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी नाकारणारा निर्णय कायम केला. कोणत्याही धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकास आपले व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते नाव वापरणारे वीसहून अधिक व्यापारी होते, हेही त्या निकालात नमूद आहे. त्याआधी २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे दुधा-तुपाच्या व्यापारातील 'कृष्ण' या नावाचा वाद आला होता. दूध-लोण्याशी कृष्णाचे नाते सर्वश्रुत असल्याने त्या मालासाठी हे नाव एकट्याचे म्हणता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

या निकालांचे आम्ही स्वागत करतो. पण त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. देवाचे नाव एकाच्या मालकीचे नाही, एवढेच ते सांगतात. ते वीस जणांनी वापरू नये, असे सांगत नाहीत. याउलट १९५० चा बोधचिन्हे व नावे यांविषयीचा कायदा पाहा. त्याच्या परिशिष्टानुसार छत्रपती शिवाजी महाराज वा महात्मा गांधी यांचे चित्र मालाच्या जाहिरातीसाठी असलेल्या कॅलेंडरावरही वापरता येत नाही. विठोबा वा शांतादुर्गा यांस तसे संरक्षण नाही. ते कायद्याने द्यावे, असेही आमचे म्हणणे नाही. भक्तीचा प्रत्येक प्रश्न कोर्टात नेल्याने भक्ती वाढत नाही.

व्यापाऱ्याने देवाचे नाव घेऊच नये, असाही आमचा आग्रह नाही. दिवाळीस वह्यांचे पूजन करणारा, रोजमेळाच्या माथ्यावर 'श्री' लिहिणारा व्यापारी देवास साक्षी ठेवून आपला व्यवहार चोख राहो अशी प्रार्थना करतो. तेथे बांधला जातो तो व्यापारी. जाहिरातीत मात्र देवासच जामीन ठेवले जाते, आणि माल वाईट निघाला तर तो जामीन कोणी वठवू शकत नाही.

म्हणून हा विवेक देवस्थानांच्या समित्यांनीच करावयाचा आहे. जत्रेच्या कमानी, उत्सवाच्या स्मरणिका, वार्षिक दिनदर्शिका यांस पैसा लागतो आणि तो बहुधा व्यापाऱ्यांकडूनच येतो. तो घेण्यात गैर काही नाही. परंतु देवाची मूर्ती व मालाचे नाव एका चौकटीत नसावे; देणगीदाराचा उल्लेख देणगीदार म्हणून व्हावा, त्याच्या मालाची शिफारस म्हणून नव्हे; आणि जाहिराती स्मरणिकेच्या अखेरच्या पानांत वेगळ्या असाव्यात. एवढी शिस्त पाळण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. समितीच्या एका बैठकीतील एक ठराव त्यास पुरेसा आहे.