‘क्वचित’ घडणाऱ्या चुकीची अकरा वर्षे



इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. मी आज एका चुकीचा इतिहास सांगणार आहे. ती २००५ साली दिसली, दुरुस्त झाली, ती दुरुस्ती मागे घेतली गेली, आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत चूक जिवंत राहिली. मी कामगार-चळवळीतला माणूस. यंत्रविद्या शाळेत शिकलो नाही, पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून जमवली. पण हा इतिहास कामगाराने जाणून घ्यावा असा आहे.

संगणकात सर्व प्रोग्रामांवर एक कारभारी असतो. त्याला कर्नेल म्हणतात. स्मृतीची जागा कोणाला द्यावी, कोणत्या पानावर कोणी लिहावे, हे तो ठरवतो. लिनक्स हे कर्नेल १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतले. आज मोठ्या सर्व्हरांत तेच आहे आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे.

स्मृती पानापानांनी वाटली जाते. अनेकांना एकच मजकूर हवा असता प्रत्येकासाठी प्रत काढणे म्हणजे वेळेचा आणि जागेचा अपव्यय. म्हणून युक्ती निघाली: वाचायचे तोवर सर्वांनी मूळ पान वाचावे, कोणी लिहू लागला तरच त्याला निराळी नक्कल काढून द्यावी. १९७०च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या टेनेक्स प्रणालीत ही युक्ती होती. इंग्रजीत तिला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. काटकसर उत्तमच, पण प्रत्येक काटकसरीला राखणदार लागतो.

हजेरीपटाचे उदाहरण घ्या. मूळ पट सर्वांनी वाचावा, लिहावा मात्र टाइमकीपरनेच. एक जण कारकुनाकडे चिठ्ठी देतो: ‘मला या पानावर लिहायचे आहे.’ कारकून नियमाप्रमाणे नक्कल काढून त्याच्या खणात ठेवतो. ‘आता परवानगीचा प्रश्न मिटला,’ असे समजून तो चिठ्ठीवरचा ‘लिहायचे आहे’ हा शेरा खोडतो आणि पान आणावयास पुन्हा वळतो. नेमक्या त्याच क्षणी त्या माणसाचा साथीदार सांगतो, ‘ती नक्कल नको, टाकून द्या.’ खण रिकामा होतो. कारकून चिठ्ठी पाहतो. तीत लिहिण्याचा उल्लेखच उरलेला नाही! मग मूळ पान देण्यास हरकत कसली? तो मूळ पट उचलतो, आणि हातातले काम लिहिण्याचेच असल्यामुळे त्यावरच लिहून मोकळा होतो. कर्नेलमध्ये अक्षरशः हेच घडत होते. केवळ वाचण्याचा अधिकार असलेला माणूस मुख्य व्यवस्थापकाची फाइल बदलू शके, आणि त्या वाटेने साऱ्या यंत्राचा धनी होऊ शके.

अशी फट टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ओळखली होती. पानावर खरोखर लिहिले गेले की त्याची खूण उमटते. त्या खुणेवर त्यांनी आपला उपाय बेतला. परंतु आयबीएमच्या एस-३९० जातीच्या यंत्रांत ती खूण निराळ्या जागी ठेवली जाई. तेथे उपाय अडला, म्हणून मागे घेण्यात आला. फट अतिशय बारीक, दोन क्रियांमधल्या क्षणाएवढी. ती प्रत्यक्षात कोणाला सापडणार, असे वाटणे स्वाभाविक होते.

पण यंत्रे थांबली नव्हती. एका यंत्रात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करू लागले. स्मृतीचा कारभारही अधिक समांतर झाला. कागदावरची फट हाताने उघडता येऊ लागली. २००७ च्या २.६.२२ या आवृत्तीपासून पुढची यंत्रे तिला बळी पडू शकत. २०१६ साली फिल ओएस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर झालेला हल्ला तपासला. साठवून ठेवलेल्या वाहतुकीतून हल्लेखोराचा प्रोग्राम त्यांच्या हाती लागला. म्हणजे चोरांना वाट आधीच ठाऊक होती! चुकीला ‘डर्टी काऊ’ हे नाव पडले. दुरुस्ती करताना टोरवाल्ड्स यांनी स्पष्ट नोंदवले, की अकरा वर्षांपूर्वीचा आपला उपाय वाईट होता, आणि तेव्हा केवळ तात्त्विक असलेला धोका आता सहज घडवता येतो. हा प्रांजळपणा आमच्या अनेक व्यवस्थापनांनी शिकण्याजोगा आहे.

उपाय साधा होता. लिहिण्याचा शेरा खोडायचा नाही. ‘नक्कल दिली आहे’ असा निराळा शेरा जोडायचा, आणि पानावरची खूणही पाहायची. एस-३९० ची अडचण तोपर्यंत दूर झाली होती. तरी २०१७ साली मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत याच दुरुस्तीत उणीव आढळली, व तीही बुजवावी लागली.

कारखान्यातल्या प्रेसवर हात बाहेर आल्याची खात्री आणि प्रेसचा घाव यांत असाच एक क्षण असतो. तेथेही आम्हांला ऐकवतात, ‘अपघात क्वचितच होतो.’ क्वचित म्हणजे किती फेऱ्यांत एकदा? आणि फेऱ्या वाढवल्यावर हा हिशेब पुन्हा कोणी मांडला? मालकाने यंत्राचा वेग वाढवला की हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत मागणीवरचा शेरा कोणाला खोडू देऊ नये.