बारभाईंची आघाडी

विधानसभा त्रिशंकू झाली की मराठी वर्तमानपत्रांत दोन शब्द मोठ्या टायपात झळकू लागतात. एक 'आघाडी', जी मुळात फौजेची पुढची फळी, आणि दुसरी 'युती', जी पंचांगात दोन ग्रहांची होते. तिसरा शब्द याहून अस्सल मऱ्हाटी, पण तो वापरायचा तो दूषण द्यायलाच: 'बारभाई'. बारभाईची खेती म्हणजे सगळेच धनी आणि नांगर धरायला कोणी नाही. गंमत अशी, की ज्या मंडळींनी हा शब्द इतिहासात गाजवला, त्यांचा कारभार पहिली काही वर्षे तरी बरा चालला होता.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारले. गादीवर आले त्यांचे चुलते राघोबादादा. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुनाचा ठपका खुद्द दादांवरच ठेवला, पण न्यायाधीशाच्या निवाड्याने पेशवा हटत नाही. दादा फौज घेऊन कर्नाटकाच्या रोखाने स्वारीवर निघाले आणि मागे पुण्यात मसलत शिजली. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. 1774 च्या जानेवारीत तिला पुरंदरावर नेऊन ठेवण्यात आले आणि तिच्या नावाने कारभार सुरू झाला.

कारभार करणारे कोण? सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे ही ठळक नावे. बाकीची यादी प्रत्येक बखरीत थोडी वेगळी निघते, तेव्हा 'बारा' हा आकडा बोटांवर मोजायचा नाही. यांचे एकमेकांवर प्रेम होते असे समजण्याचे काही कारण नाही. बापू साडेतीन शहाण्यांतले पूर्ण शहाणे, मुरब्बी आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात वाकबगार. नाना त्याच हिशेबात अर्धे, कारण तलवारीशी त्यांचा संबंध नव्हता. या दोघांना एका बैठकीत बसवले ते राघोबादादांच्या भीतीने. दादा परतले तर दोघांचीही धडगत नव्हती.

सुरुवात वाईट झाली. मार्च 1774 मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला त्रिंबकराव पेठे दादांशी लढताना जखमी होऊन पकडले गेले आणि त्यातच वारले. आघाडीचा सेनापतीच गेला. तरी ती फुटली नाही. हरिपंतांनी पाठलाग हाती घेतला. 18 एप्रिलला पुरंदरावर मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. मुलगी झाली असती तर काय, हा प्रश्न त्या चार महिन्यांत कारभाऱ्यांच्या मनात किती वेळा आला असेल!

दादा गुजरातेकडे निसटले आणि 6 मार्च 1775 रोजी सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊन बसले. घरातले भांडण आता मुंबईकर इंग्रजांशी युद्ध झाले. कलकत्त्याच्या वरिष्ठांना मुंबईचा हा उद्योग पसंत पडला नाही. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून 1 मार्च 1776 रोजी पुरंदरला वेगळा तह केला. मुंबईकरांनी तोही पुरता मानला नाही.

बाहेरचा शत्रू थोडा दूर गेला, तोच आतली तेढ वर आली. 1778 मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी दादांच्या बाजूने उठाव करून कारभार बळकावला. नाना पुरंदरावर जाऊन बसले. महादजी शिंदे दक्षिणेत आले तेव्हा कुठे मोरोबा कैद झाले. म्हणजे आघाडीतला वाद मिटवला तो फौज बाळगणाऱ्या घटकाने, आणि त्याची किंमत तो पुढे वसूल करणार हेही उघड होते.

मुंबईची फौज दादांना घेऊन बोरघाट चढून आली, तेव्हा सगळे पुन्हा एक झाले. कारल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठी मुलखाने शत्रूच्याही मर्दुमकीची कदर करून त्याला 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले. तळेगावपर्यंत पोचलेले इंग्रज माघारी वळले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला कोंडीत सापडून त्यांनी तह केला.

विजयानंतर काही आठवड्यांतच सखारामबापूंना अटक झाली. दादांना बोलावण्याच्या कारस्थानात त्यांचाही हात होता, असा आरोप होता. किल्ल्या-किल्ल्यांवरून फिरवत त्यांना शेवटी रायगडावर ठेवले आणि 1781 मध्ये ते तिथेच वारले. आरोप खोटा नसावा. बापूंची एकूण चाल पाहता तो पटतो. पण वेळ बोलकी आहे. राघोबादादांचा धाक उरला नाही आणि मग बापूंची गरजही उरली नाही. बारभाईंचा कारभार आता नानांचा कारभार झाला. 1956 ची संयुक्त महाराष्ट्र समिती कम्युनिस्टांपासून हिंदुमहासभेपर्यंत सगळ्यांना घेऊन उभी राहिली आणि 1 मे 1960 नंतर विरत गेली, त्यामागेही हेच गणित दिसते. फक्त तिथे कोणाला रायगड पाहावा लागला नाही.

नानांनी मात्र धडा घेऊन आणखी मोठा डाव मांडला. 1780 मध्ये पुणे, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी इंग्रजांविरुद्ध उभी राहिली. वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामाला थंड केले, भोसल्यांना पैशाने. हैदर तेवढा मनापासून लढला. मे 1782 मध्ये महादजींनी मध्यस्थी करून सालबाईचा तह ठरवला, त्यात हैदरला वाऱ्यावर सोडले होते. नानांनी त्यावर मोहोर उठवायला महिनोन्महिने चालढकल केली. डिसेंबरात हैदर वारला आणि मग पुण्याहून तहाला मान्यता गेली.