ईडिपसचा पूर्वेकडील प्रवास

एखादा मुलगा आईच्या शब्दाबाहेर नसला, लग्नानंतरही पगार तिच्याच हाती देत असला, की शिकलेल्या माणसांच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, ‘याला ईडिपस गंड आहे.’ ऐकणारे हसतात आणि विषय तेथेच संपतो. हा शब्द कोठून आला, आपल्या देशात तो कोणी आणला आणि कशासाठी वापरला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. हा इतिहास आपण एकदा तरी नीट पाहायला हवा, असे आम्हाला वाटते.

मूळ कथा ग्रीक आहे. थीब्जचा राजा लायस याला भविष्य सांगितले जाते की, तुझा मुलगाच तुझा जीव घेईल. राजा नवजात बाळाचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून द्यायला लावतो. बाळ वाचते आणि कॉरिंथच्या राजाकडे वाढते. मोठेपणी ईडिपसच्या कानी तेच भविष्य येते. ते टाळण्यासाठी तो घर सोडतो आणि वाटेत नकळत बापाला मारतो, पुढे नकळत आईशी लग्न करतो. सोफोक्लीजच्या नाटकात हे सत्य उघडे पडल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिला वार बापाने केला होता आणि मुलाच्या मनात असे काही करण्याची इच्छा नव्हती.

फ्रॉइडने नेमकी हीच बाजू पालटली. १८९६ साली त्याचे वडील वारले. पुढच्या वर्षी स्वतःच्या मनाचा शोध घेत असताना त्याने आपला मित्र फ्लीस याला पत्रातून कळवले की, आईविषयीची ओढ आणि वडिलांविषयीचा मत्सर आपल्याला स्वतःत सापडला आहे आणि तो बालपणी सर्वांनाच होत असावा. १९०० साल छापलेल्या ‘स्वप्नांचा अर्थ’ या ग्रंथात त्याने हे जाहीरपणे मांडले. ‘ईडिपस गंड’ हा शब्द मात्र त्याने १९१० मध्ये वापरला. जे ग्रीकांसाठी नशीब होते ते फ्रॉइडसाठी दडपलेली इच्छा झाले. त्याच्या मते तीन ते पाच-सहा वर्षांचा मुलगा आईवर हक्क सांगतो, वडिलांच्या शिक्षेला भितो, मग हक्क सोडतो आणि वडिलांचा धाक मनात साठवतो. तोच पुढे सदसद्विवेक होतो. मुलींचे काय, या प्रश्नावर युंगने १९१३ मध्ये ‘इलेक्ट्रा गंड’ सुचवला, पण फ्रॉइडला तो मान्य नव्हता.

हे सर्व मानवजातीला लागू पडते काय? मॅलिनोव्हस्कीने १९२७ मध्ये ट्रोब्रिआंड बेटांचा दाखला दिला. तेथे कूळ आईकडून चालते, अधिकार मामाचा असतो आणि बाप मुलांचा मित्र असतो. मुलाचा राग तेथे मामावर निघतो. मग बापाशी स्पर्धा ही निसर्गाची गोष्ट की कुटुंबरचनेची, असा त्याचा सवाल होता.

हाच सवाल आपल्याकडे कोलकात्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी वेगळ्या वाटेने विचारला. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण शिष्य म्हणून मान डोलावणे त्यांना जमणारे नव्हते. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवले की, आपल्या हिंदी रुग्णांत बापाच्या शिक्षेची ती भीती युरोपियन रुग्णांइतकी ठळक दिसत नाही. उलट स्त्री होण्याची इच्छा पुरुषांत सहज सापडते. फ्रॉइडने या निरीक्षणाची दखल घेतली, पण सिद्धान्त बदलला नाही. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या एका डॉक्टराने ज्ञानाच्या क्षेत्रात बरोबरीच्या नात्याने ‘आमचा अनुभव निराळा आहे’ असे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच संस्थेत ओवेन बर्कली-हिल हे इंग्रज लष्करी डॉक्टरही होते. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे ते प्रमुख. १९२१ मध्ये त्यांनी हिंदूंच्या स्वभावावर लेख लिहिला आणि त्याच वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनावरही तेच शास्त्र चालवले. १९२५ मध्ये त्यांनी हिंदू-मुस्लिम ऐक्यावर लिहिले. मातृभूमी आणि गाय ही दोन्ही मातेची रूपे, म्हणून हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी राग, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. जमीन, नोकऱ्या, मतदारसंघ, राज्यकर्त्यांची नीती, यांतले काही मग शिल्लकच राहत नाही. दोन जमातींचे भांडण पाळण्यातूनच आलेले आहे असे एकदा ठरले, की राज्यकर्ता मोकळा सुटतो. संपूर्ण समाज हा काही कोचावर निजलेला रुग्ण नव्हे. आजही एखाद्या जमातीचे ‘मानस’ चार ओळींत सांगणारे लेख वाचताना आम्हाला बर्कली-हिल आठवतात.

कैरोमध्ये ईडिपसचे स्वागत निराळे झाले. १९४५ पासून युसुफ मुराद यांनी तेथे मानसशास्त्राचे अरबी नियतकालिक चालवले. १९५८ मध्ये मुस्तफा सफवान यांनी फ्रॉइडचा स्वप्नांवरील ग्रंथ अरबीत आणला. पण साहित्यिक त्यांच्याही पुढे होते. नजीब महफूज यांच्या ‘अस-सराब’ (१९४८) या कादंबरीचा नायक आईच्या मायेत असा गुरफटलेला आहे की, त्याचा संसार उभाच राहत नाही. १९४९ मध्ये तौफीक अल-हकीम यांनी ‘अल-मलिक ऊदीब’ हे नाटक प्रसिद्ध केले. ग्रीक तत्त्वज्ञान अरबीत आणणाऱ्या पूर्वजांनी ग्रीक नाटके का घेतली नाहीत, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत चर्चिला. त्यांच्या नाटकातला झगडा नशिबाशी नाही, वासनेशीही नाही. तो सत्य आणि वास्तव यांच्यातला आहे. मांडलेला संसार हे वास्तव आणि उघडे पडलेले नाते हे सत्य. ईडिपस संसार वाचवू पाहतो, जोकास्टाला ते पेलत नाही.

आपल्या मराठी मुलखातही ही कथा होती. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ‘मॅन’ या इंग्रजी नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. तीत सटवाईच्या मुलीच्या नशिबी स्वतःच्या मुलाशी लग्न लिहिलेले असते. ते टाळण्यासाठी ती पुरुषांपासून दूर रानात राहते, तरी लिहिलेले घडतेच. ए. के. रामानुजन यांनी अशा भारतीय कथांचा अभ्यास केला आणि दाखवून दिले की, येथे कथा मुलाची नसते, ती आईची असते. कानडी कथेतली आई सत्य कळल्यावर गळफास घेते. मराठी कथेतली आई लिहिलेले घडले असे मानून संसार करते. शिवाय आपल्या पुराणांत बहुधा मुलगाच बापासाठी देतो. पुरूने ययातीला तारुण्य दिले. ‘शाहनामा’तही रुस्तुमच्या हातून सोहराब मरतो.

आज बहुतेक मानसशास्त्रज्ञ ईडिपस गंड प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो असे मानत नाहीत. बोल्बी यांच्यापासून पुढे मुलाच्या आईविषयीच्या ओढीकडे सुरक्षिततेची गरज म्हणून पाहिले जाऊ लागले. अनेक मनोविश्लेषक त्यातून एवढेच घेतात की, आईबापांचे आपापसांत एक नाते आहे आणि त्यात आपण नाही, हे मुलाला कधीतरी स्वीकारावे लागते.

मग तो पगार आईच्या हाती देणारा मुलगा? सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये ‘द इनर वर्ल्ड’मध्ये दाखवले की, आपल्या कुटुंबात स्त्रीला मान मिळतो तो मुलगा झाल्यावर. जिच्या नावावर घर नाही, जमीन नाही, जिला वैधव्याची, सवतीची किंवा माहेरी परत पाठवले जाण्याची धास्ती आहे, तिने मुलाला घट्ट धरले तर त्यात नवल काय? हे सर्वच धर्मांच्या घरांत घडते. त्याला ईडिपस गंड म्हणून हसण्यात सोय आहे, कारण मग तिच्या हक्काचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यात सुनेचेही भले नाही. उद्या तीही आपल्या मुलाला असेच धरील. सटवाईच्या मुलीची कथा आपल्याकडे आईच्या बाजूने सांगितली गेली. निदान आपण तरी तिच्या बाजूने ती ऐकली पाहिजे.