मानधन कीं वेतन?

परंड्याचा किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी तेथील बुरुज, खंदक आणि तोफा पाहून परत फिरतो. आम्हीही पूर्वी तसेच परतलों होतों. विजापुरास आज दाखविण्यांत येणारी 'मलिक-इ-मैदान' तोफ सन १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली, पुढें ती परंड्यास आली व १६३२ मध्यें येथूनच विजापुरास नेण्यांत आली. ती ओढण्यास चारशें बैल आणि दहा हत्ती लागले असें सांगतात. बैलांची गणती लोकांच्या तोंडीं राहिली. पण त्याच काळीं या कसब्यांतील पोरांच्या हातून धुळींत अक्षर कोण गिरवून घेत होता आणि त्यास काय मिळत होतें, हें विचारणारा कोणी भेटत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत किल्ल्यावरून परततांना एका गल्लींत मुलांचा गलका ऐकूं आला, म्हणून आम्ही थबकलों. ती अंगणवाडी होती. बाई एका पोरास वजनकांट्यावर बसवीत होत्या, दुसरें त्यांच्या पदरास लोंबकळत होतें, आणि मधूनच त्या मोबाइलवर नोंदी करीत होत्या. मदतनीस खिचडीच्या पातेल्याशीं. पटावरील बरींच मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेलीं. जीं आजीजवळ राहिलीं तींच काय तीं समोर बसलेलीं. बोलण्याच्या ओघांत आम्हीं पगार विचारला. बाई हंसून म्हणाल्या, "पगार कुठला, सर? मानधन आहे." प्रस्तुत लेख या एका शब्दानें आमच्याकडून लिहवून घेतला आहे.

जुन्या गांवठी शाळेंतील पंतोजीस धान्य मिळे, सणावारीं मुलांकडून कांहीं पैसा मिळे. त्यांत त्याची ददात मिटत नसे. परंतु तो हें समाजसेवा म्हणून करितो, असें सांगून त्याचें धान्य कोणीं अडविलें नाहीं. इंग्रजी अमलांत जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें, त्यांत प्राथमिक शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार नसावा व मोठ्या गांवीं तो पंधरा-वीस असावा, असें रोकडें मागितलें. ज्ञानदानाच्या पावित्र्याचीं वचनें त्यांसही ठाऊक असतील. त्यांनीं रुपये लिहिले. परंडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, तेव्हां हंटर कमिशनची दृष्टि इकडे वळण्याचें कारणच नव्हतें. १९४८ पर्यंत हा मुलूख त्याच अमलाखालीं राहिला.

सहा वर्षांखालील मुलाचें शिक्षण हें शिक्षण आहे, ही गोष्ट आमच्याकडे उशिरां कळली, आणि ती कळविण्याचें श्रेय मुख्यतः ताराबाई मोडक यांचें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याजवळ त्यांनीं काम केलें. १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसोरी पद्धतीचीं महाग साधनें शहरांतील सुखवस्तु घरांस परवडत. म्हणून १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या व अनुताई वाघ त्यांस तेथें मिळाल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात. कोणी भावंडें सांभाळी, कोणी गुरें राखी. तेव्हां या बायांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. खडे, शिंपले, बिया, पानें हेंच साहित्य. 'अंगणवाडी' हें नांव असें मातींतून आलें. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाईंस १९६२ त पद्मभूषण व अनुताईंस १९८५ त पद्मश्री मिळाली. आम्हां मध्यमवर्गीयांस त्यांच्या त्यागाचें कौतुक फार. मात्र दोन असामान्य स्त्रियांनीं स्वेच्छेनें पत्करलेल्या दारिद्र्यावरून लाखों संसारी स्त्रियांचें वेतनपत्रक आंखावयाचें, हा हिशेब आम्हांस कधींच उमगला नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली. मॅट्रिक झालेल्या सेविकेस दरमहा १५० रुपये, न झालेल्या सेविकेस १००. ती गांवचीच बाई, थोडे तास काम करणार, म्हणून ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. आणि तिला द्यावयाचें तें मानधन! केंद्रानें ठरविलेली ही रक्कम २००२ त १,०००, २०११ त ३,००० आणि २०१८ त ४,५०० झाली, मदतनिसाची २,२५०. राज्यें त्यांत आपली भर घालतात. योजनेंत सहा सेवा: पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी, पुढील उपचारांची शिफारस, मातांचें प्रबोधन, आणि शाळापूर्व शिक्षण. वजन, आहार, लस यांचे आंकडे वर जातात व वरून विचारणाही होते. मुलाशीं गोष्ट बोलण्यांत गेलेल्या अर्ध्या तासाचा रकाना कोठेंच नाहीं. म्हणून जें शिकविण्याचें काम तेंच प्रथम आटतें.

न्यायालयांतही हा शब्द पोंचला. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी सेविकेचें पद सरकारी नोकरीचें नव्हे असा निर्णय दिला. २०२२ च्या एप्रिलांत मात्र त्याच न्यायालयानें गुजरातेंतील सेविकांच्या दाव्यांत त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असें ठरविलें, आणि त्या कायद्यापुरतें मानधन हें वेतनच होय असें म्हटलें. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रांतील सेविका व मदतनीस यांस बावन्न दिवस संप करावा लागला. त्या वेळीं सेविकेचें मानधन दहा हजार होतें. पुढल्या वर्षीं तें वाढविण्यांत आलें, पण नांव तेंच राहिलें.

आमचे कांहीं स्नेही म्हणतात, चार तासांच्या कामास याहून काय द्यावें? हेच स्नेही शहरांत आपल्या नातवाच्या बालवर्गाची फी विनातक्रार भरतात. तेथेंही मूल फार वेळ बसत नाहीं. शिवाय अंगणवाडी मिटल्यावर गृहभेटी, सर्वेक्षण, सभा, नोंदी हें सारें कोण करतें? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांपासूनचें शिक्षण पायाभूत मानलें आहे. तेव्हां पायाच्या गवंड्यास श्रेणी, वार्षिक वाढ, निवृत्तिवेतन व कामाच्या वेळेंत प्रशिक्षण द्यावें. आणि मदतनिसासही त्याच प्रमाणांत, कारण ती नसेल त्या दिवशीं बाईच खिचडी करीत बसते.

आम्ही निघालों तेव्हां एक वाजत आला होता. मुलें घरीं गेलीं होतीं. बाईंनीं वह्या पिशवींत भरल्या, कुलूप लावलें आणि दोन गरोदर बायकांच्या घरीं जावयाचें आहे म्हणून त्या किल्ल्याच्या उलट दिशेस चालूं लागल्या.