आंब्याचा हिशेब आणि वाकिनखेडा

हाताखालच्या माणसाच्या प्रत्येक पावलावर वरिष्ठाची नजर असली म्हणजे काम अचूक होते, असा पुष्कळांचा समज असतो. इतिहासाचा कौल मात्र निराळा आहे. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हा आपला मुलूखच त्याची साक्ष देतो.

शहाजादा औरंगजेब १६५२ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला. सुभा उजाड, वसूल अपुरा आणि हुकूम दूरच्या दरबारातून येणारे. बापाचे, म्हणजे शाहजहानचे, लक्ष जमाखर्चापासून बऱ्हाणपूरच्या एका आवडत्या आंब्याच्या झाडापर्यंत पोचलेले. फळे कमी आली, तेव्हा ती मुलानेच ठेवून घेतली असा ठपका आला आणि सुभेदाराला त्याचाही खुलासा करावा लागला!

१६५७ च्या मार्चअखेर, २७ दिवसांच्या वेढ्यानंतर बीदरचा किल्ला पडला. तो लढविणारा सिद्दी मर्जान दारूच्या भडक्यात होरपळला. पुढे ऑगस्टच्या सुमारास कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, हाती आले. विजापूरची वाट मोकळी दिसू लागली तोच लढाई थांबविण्याचा बादशाही हुकूम येऊन थडकला. आदल्याच वर्षी गोवळकोंड्यासमोर असेच घडले होते. हा सल औरंगजेबाच्या मनात कायम राहिला.

ज्याने हा जाच सोसला, तो इतरांना देणार नाही असे वाटावे. घडले उलट. तख्तावर बसल्यावर त्याने कोणावरही पुरता विश्वास टाकला नाही. १६८७ मध्ये तर थोरला शहाजादा मुअज्जम यालाही कैदेत टाकले. १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगलीच्या छावणीत आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने पाहिले, की वृद्ध बादशहा एकेक अर्ज घेऊन त्यावर स्वतःच्या हाताने शेरा लिहीत आहे. उद्योगाचे कौतुक वाटावे असे ते दृश्य. पण त्याची किंमत जबर होती. सततच्या हस्तक्षेपाने अधिकाऱ्यांची कर्तबगारी खुंटली, असा निर्वाळा इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिला आहे. चूक झाली तर ठपका आपल्यावर आणि हुकूम मात्र वरून, अशा स्थितीत शहाणा माणूस स्वस्थ बसतो.

याच काळात मराठ्यांकडे काय होते? १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकूमतपन्हा’ करून मुलखाचा कारभार सोपविला. संताजी-धनाजी प्रसंग पाहून निर्णय घेत. या मोकळिकीतून भांडणेही उद्भवली. पण राज्य तगले.

१६९९ पासून बादशहा एकेका किल्ल्यासाठी जातीने हिंडू लागला. अखेरची स्वारी १६०५ नव्हे, थेट १७०५ ची. गुलबर्ग्याच्या दक्षिणेस, सुरपुराजवळच्या वाकिनखेड्यावर. बेरडांचा नायक पिडिया याच्याविरुद्ध ८६ वर्षांचा सम्राट स्वतः छावणी ठोकून बसला. जवळजवळ तीन महिन्यांनी किल्ला मिळाला तो रिकामा. पिडिया निसटला होता. लगेच बादशहा आजारी पडला आणि १७०७ मध्ये अहमदनगर येथे वारला.

कचेरी असो वा शाळा, देखरेख हवीच. परंतु काम सोपविल्यावर ते करण्याचा अधिकारही द्यावा लागतो. बापाने आंब्यांचा हिशेब मागितला, तेव्हा मुलाला हे कळले होते. बादशहा झाल्यावर त्याला त्याचा विसर पडला.