मोटारीतला रेडिओ : एका खाचेचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने आपल्या जुन्या मोटारीतला कारखान्याने बसवलेला रेडिओ काढून बाजारातून आणलेला नवा संच बसवून घेतला. आवाज उत्तम येत होता. पण गाडीची किल्ली बंद केली की संच सगळी स्टेशने विसरून जाई. दुकानदार म्हणाला, संच खराब आहे. आम्ही दोघांनी रविवारी सकाळी संच बाहेर ओढून मागच्या तारा तपासल्या. संचात दोष नव्हता. फक्त दोन तारांची अदलाबदल झाली होती. त्या दोन तारा शोधता शोधता आम्ही जवळजवळ शतकभराच्या इतिहासात शिरलो. तोच इतिहास येथे सांगायचा आहे, कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विजेचा बराचसा भाग त्यात येतो.

ठिणगीचा त्रास

1930 साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा एक रेडिओ तयार केला. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांचा त्या कामात मोठा वाटा होता. गॅल्विन तो रेडिओ स्वतःच्या गाडीत बसवून अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला गेले. आत जागा घेतलेली नव्हती. म्हणून त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. संचाचे नाव होते 'मोटोरोला'. पुढे 1947 साली कंपनीनेच ते नाव घेतले. संचाची किंमत शंभर डॉलरांच्या वर होती आणि नवी फोर्ड मोटार त्या काळी पाचशे डॉलरांच्या आसपास मिळत असे. जर्मनीत 1932 साली ब्लाउपुंक्टचा पहिला मोटार-रेडिओ आला, तोही असाच महाग होता.

म्हणजे मोटार-रेडिओ सुरुवातीला कारखान्याचा नव्हताच. तो बाहेरून आणून, डॅशबोर्डला भोके पाडून बसवायची वस्तू होती. ते कामही सोपे नव्हते. पहिली अडचण भौतिकशास्त्राची होती. पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगमध्ये दर क्षणी ठिणग्या पडत असतात. 1887-88 मध्ये हाइनरिक हर्ट्झ यांनी विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. याचा अर्थ असा, की प्रत्येक मोटार हे एक लहानसे, बेशिस्त प्रक्षेपण केंद्रच असते. रेडिओ लावला की गाण्याऐवजी कडकडाट ऐकू येई, आणि इंजिनाचा वेग वाढला की कडकडाटही वाढे. त्यावर उपाय म्हणून प्लगच्या तारांत रोध घालावे लागले, जनित्राला धारित्रे जोडावी लागली आणि रेडिओ धातूच्या पेटीत बंद करावा लागला.

दुसरी अडचण विद्युतदाबाची होती. मोटारीची बॅटरी तेव्हा 6 व्होल्टची असे, आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी गाडीच्या तळाशी वेगळ्या बॅटऱ्या ठेवत. मग 'व्हायब्रेटर' आला. यात एक पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरून बॅटरीची धारा जोडते आणि तोडते. बॅटरीची धारा एकाच दिशेने वाहणारी असते. ती रोहित्रातून तशीच पाठवली तर पलीकडे काहीच मिळत नाही. पण धारा सतत बदलती केली की रोहित्र दाब वाढवू शकते. रोहित्राला बदलती धारा का लागते, हे सांगण्यासाठी वर्गात याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

1955 साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला थोडेच व्होल्ट पुरतात, त्यामुळे व्हायब्रेटर आणि त्याचे रोहित्र दोन्ही गेले. पेटी लहान झाली, बॅटरीवरचा भार हलका झाला.

खाच कोणाची?

तोपर्यंत मोटारीच्या कारखान्यांच्याही लक्षात आले होते, की रेडिओ हा फायद्याचा धंदा आहे. ते स्वतःच रेडिओ देऊ लागले आणि प्रत्येक मॉडेलचा डॅशबोर्ड आपापल्या रेडिओच्या आकाराचा करू लागले. आवाजाची साधने मात्र भराभर बदलत होती. 1956 साली क्रायस्लरने गाडीत चालणारा तबकडी-वादक दिला. तो फार टिकला नाही. फोर्डच्या 1966 च्या मॉडेलांत आठ पट्ट्यांच्या टेपची काडतुसे आली. तो विल्यम लिअर यांचाच उद्योग होता. 1963 साली फिलिप्सने आणलेल्या कॅसेटने हळूहळू ती काडतुसे मागे टाकली. 1984 साली पायोनियर आणि सोनी यांचे सीडी वाजवणारे मोटार-संच आले. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, पण तिच्यातला संच पाच वर्षांत जुना होतो. त्यामुळे संच बदलणे हा हौसेचा नव्हे, तर गरजेचा भाग झाला.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात बिल क्रचफील्ड यांना आपल्या जुन्या पोर्शे मोटारीत नवा स्टिरिओ बसवायचा होता. योग्य संच आणि माहिती मिळेना, तेव्हा 1974 साली त्यांनी टपालाने मोटारीचे स्टिरिओ विकणारी कंपनीच काढली. कोणत्या गाडीत कोणता संच बसतो ही माहिती देणे, हेच तिचे मोठे भांडवल ठरले.

दरम्यान युरोपात खाचेचे माप ठरत होते. जर्मनीच्या मानक संस्थेने सुमारे 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच असे माप निश्चित केले. 1984 साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. दुप्पट उंचीची खाचही पुढे रूढ झाली. 1990 च्या दशकात मागच्या जोडणीचेही मानक आले : आठ पिनांचा एक जोड विजेसाठी, आठ पिनांचा दुसरा स्पीकरसाठी. विजेच्या जोडात चौथी पिन बॅटरीशी कायम जोडलेली, सातवी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, आठवी जमिनीची. कायमच्या तारेवर संचाची स्मृती टिकते. काही युरोपीय गाड्यांत चौथ्या आणि सातव्या पिनेच्या तारा उलट असतात. आमच्या सहकाऱ्याच्या संचाची विस्मृती तिथेच होती. अदलाबदल केली आणि स्टेशने आठवू लागली.

वॅटचा हिशेब

नवा संच घेताना खोक्यावर '50 वॅट' असे छापलेले दिसते. याची शहानिशा विद्यार्थी स्वतः करू शकतात. इंजिन चालू असताना विद्युतदाब सुमारे 14.4 व्होल्ट असतो. जुन्या पद्धतीच्या प्रवर्धकात स्पीकरची एक तार जमिनीला असे. तेव्हा आवाजाची लहर मध्यापासून वर-खाली जास्तीत जास्त 7.2 व्होल्ट जाऊ शकते. तिचे परिणामी मूल्य सुमारे 5.1 व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले स्पीकरचा 4 ओहम रोध, म्हणजे साडेसहा वॅट.

नंतरच्या संचांत स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक प्रवर्धक असतो. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. दाब दुप्पट होतो आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे 26 वॅट. प्रत्यक्षात घट धरून त्याहून कमीच. साध्या संचात त्या दाबावर 50 वॅट सतत आणि स्वच्छ मिळणे शक्य नाही. तो आकडा क्षणिक कमालीचा, किंवा जाहिरातीचा.

याच रचनेमुळे एक धोकाही येतो. नव्या संचाच्या स्पीकरची कोणतीही तार जमिनीला लागता कामा नये. जुन्या गाड्यांत मात्र सर्व स्पीकरांची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असे. जुन्या तारांवर नवा संच बेलाशक जोडला, तर एक प्रवर्धक थेट जमिनीशी जोडला जातो आणि जळू शकतो.

न्यायालयात आणि जाळ्यात

कारखाने आणि दुकानदार यांचा झगडा न्यायालयातही गेला. क्रायस्लर आपल्या गाड्यांसोबत ध्वनिसंच सक्तीने देते, त्यामुळे आमचा धंदा बुडतो, अशी तक्रार अमेरिकेतल्या स्वतंत्र विक्रेत्यांनी केली. 1992 साली अपील न्यायालयाने ती फेटाळली. ग्राहकाला भाग पाडण्याइतकी ताकद मोटारींच्या बाजारात क्रायस्लरकडे नाही, असा त्याचा आशय होता.

खरी कुलपे मात्र कायद्याने नव्हे, तंत्राने घातली. 1986 साली बॉश कंपनीने मोटारीतल्या यंत्रणांना एकमेकींशी बोलता यावे म्हणून एक संदेशजाळे जाहीर केले. रेडिओही कालांतराने त्या जाळ्यात आला. काही गाड्यांत दार उघडे असल्याची घंटाही रेडिओच वाजवतो. असा रेडिओ काढला तर घंटाही जाते. ती परत मिळवायला वेगळे जोडयंत्र बसवावे लागते. मोठ्या पडद्यांच्या आजच्या अनेक गाड्यांत तर ती प्रमाणित खाचच उरलेली नाही.

गंमत अशी, की पहिली अडचणही परत आली आहे. विजेवरच्या मोटारींत ठिणगी नसते, पण मोटरला धारा पुरवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच इतक्या वेगाने उघडझाप करतात, की मध्यम लहरींवर पुन्हा गोंगाट ऐकू येतो. काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून ही लहरपट्टीच काढून टाकली. फोर्डनेही तसे ठरवले होते. 2023 साली टीका झाल्यावर निर्णय मागे घेतला. 1930 साली अभियंत्यांनी गोंगाट आवरला होता. आता गोंगाटासाठी रेडिओच काढण्याचा विचार होतो.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. मध्यम लहरींवर एखादा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये लावावा आणि त्याच्याजवळ गॅस शेगडीचा ठिणगीचा लायटर दाबावा. कट्ट असा आवाज रेडिओतही येतो. हर्ट्झ यांचा प्रयोग आणि गॅल्विन यांची डोकेदुखी, दोन्ही त्या एका आवाजात आहेत. त्यानंतर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : आपण विकत घेतलेल्या यंत्राचा एखादा भाग आपल्याला बदलता यावा की नाही, आणि ते कोणी ठरवावे? खाचेचे माप सर्वांसाठी एकच होते, तोवर त्याचे उत्तर स्क्रूड्रायव्हर हातात असलेला कोणीही देऊ शकत होता.