मराठी क्रियापदांतील अक्षरें आणि आघात

रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड हें कवि केशवसुतांचें जन्मगांव. इटलींत जन्मलेला चौदा ओळींचा सुनीत हा काव्यप्रकार त्यांनीं मराठींत आणिला. त्यांचे धाकटे बंधु मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका बंधूंनीं अक्षरें वृत्तांत बसविलीं, दुसऱ्यांनीं भाषेचे नियम शोधिले. कवीचें अक्षर आणि बोलण्यांतलें अक्षर मात्र नेहमीं एक नसतें.

'करतो' हें क्रियापद घ्या. कागदावर त्याचीं अक्षरें तीन. पण ऐकूं येतात ते 'कर्-तो' असे दोनच अवयव. हा जिभेचा आळस नव्हे, त्यास इतिहास आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत 'बोलिलें', 'म्हणितलें' अशीं रूपें आढळतात. मधल्या अक्षरावर जोर नसल्यामुळें त्यांतील इकार हळूहळू दुबळा होऊन गळाला, आणि 'बोललें', 'म्हटलें' हीं रूपें रूढ झालीं. 'करितो'चें 'करतो' झालें तें असेंच.

शब्द तुटण्याची जागाही ठरलेली आहे. शेवटच्या दीर्घ अक्षरापासून मागें मोजीत जावें. त्यालगतचा अकार गळतो, त्यामागचा टिकतो. म्हणून 'समजतो' हें 'स-मज्-तो' असें तुटतें. 'समजावतो' यांत मध्यें 'जा' हें दीर्घ अक्षर येतें, म्हणून त्यामागचाही अकार गळून 'सम्-जाव्-तो' होतें.

इटालियन भाषेंत 'पार्लो' या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर दिल्यास 'मी बोलतों' असा अर्थ होतो, शेवटच्या अवयवावर दिल्यास 'तो बोलला' असा. तेथें लेखनांतही शेवटच्या स्वरावर खूण करितात. मराठी क्रियापदाचा अर्थ जोरानें पालटत नाहीं, म्हणून आपल्या लेखनानें त्याची नोंद ठेविली नाहीं.

काव्यांत मात्र हा भेद जाणवतो. गणवृत्तांत 'करतो' म्हणजे लघु, लघु, गुरु. तेंच 'कर्तो' म्हटलें कीं दोन गुरु होतात आणि गण मोडतो. मात्रा मोजल्या तर दोहोंकडे चारच भरतात. म्हणून मात्रावृत्तांत बोलीचा उच्चार सहज खपतो.

शाळेंत एखादें मूल 'तुम्ही कर्ता' असें लिहितें आणि वहीवर तांबडी रेघ उमटते. रेघ योग्यच आहे. कारण 'करता' आणि करणारा या अर्थाचा 'कर्ता' हे शब्द कानाला सारखेच, त्यांना वेगळें ठेवितें तें लेखनच. परंतु त्या मुलानें ऐकलें तें खरेंच होतें, एवढेंही त्यास सांगितलें पाहिजे. नाहीं तर तें शुद्धलेखन शिकेल, आणि आपल्या कानावरचा विश्वास गमावून बसेल.